जुन्या भिंतींचे जुने रंग : वाचकांचे प्रश्न

शिमगा आटोपला की या सदराकडे भिंतींची पत्रं वाढतात. पाऊस लागायच्या आत घर नीटनेटकं करायचं असतं, मे महिन्यात मुंबईची माणसं यायची असतात, आणि रंगारी देईल ती तारीख पकडावी लागते. या वेळच्या पत्रांतल्या एकाला मी पत्र वाचल्या वाचल्या फोनवर उत्तर दिलं, कारण अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतं. तेच पत्र इथे आधी घेतो. तसलं काम आणखी कुठल्या घरात चालू असेल तर तेही आजच थांबू दे.

प्रश्न : आमचं घर सासऱ्यांच्या वेळचं. ओटीवरचा दरवाजा आणि माजघराच्या खिडक्या सागाच्या आहेत, पण त्यांच्यावर ऑइलपेंटचे थरावर थर चढलेत. वर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली पिवळट. मुलाच्या मनात आलं की सगळा रंग काढून मूळ सागाला पॉलिश करावं. भाड्याने मशीन आणून त्याने पडवीत घासायला सुरुवात केली आहे. घरभर बारीक पूड बसते. सून सहा महिन्यांची गरोदर आहे, नातू दोन वर्षांचा. मुलगा म्हणतो, धूळच ती, पुसून काढू. मला मात्र धास्ती वाटते.
— एक वाचक भगिनी, वेंगुर्ले

उत्तर : ताई, तुमची धास्ती अगदी रास्त आहे. मशीन बंद करायला सांगा आणि ते परत करून टाका.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा, पिवळ्या, केशरी आणि हिरव्या छटांसाठी शिशाचं क्रोमेट, रंग लवकर सुकावा म्हणून त्यात आणखी शिशाचे क्षार. खिडकीच्या लोखंडी गजांना गंज चढू नये म्हणून पहिला हात शेंदराचा द्यायचे, तो शेंदूरही शिशाचाच. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला कायद्याने मर्यादा घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले : दहा लाख भागांत जास्तीत जास्त ९० भाग. त्याआधीच्या कुठल्याही ऑइलपेंटमध्ये शिसं असेल असंच धरून चालायचं. तुमच्या दरवाजावरचे खालचे थर तर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

रंगाचा थर घट्ट बसलेला असतो तोवर त्यातलं शिसं फारसं त्रास देत नाही. घासलं की त्याची पूड होते, ब्लोलॅम्पने जाळलं की धूर होतो, आणि मग ते श्वासातून, हातातोंडातून अंगात जातं. लहान मूल जमिनीवर खेळतं, हात तोंडात घालतं, आणि त्याच्या आतड्यांतून शिसं मोठ्या माणसापेक्षा जास्त शोषलं जातं. मेंदूची वाढ होण्याचं ते वय. गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं. शिशाची अमुक एक पातळी सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. तशी पातळी माहीत नाही असंच ती सांगते. म्हणून ‘थोडीशी पूड’ हा हिशेब इथे लावू नका.

सुनेला सातव्या महिन्यात माहेरी पाठवायचंच असेल तर ती आत्ताच जाऊ दे, नातवालाही बरोबर घेऊन. त्यानंतर साफसफाई. केरसुणी अजिबात मारायची नाही, पंखा लावायचा नाही. ओल्या फडक्याने वरून खाली पुसत यायचं, पाणी वरचेवर बदलायचं, फडकी शेवटी फेकून द्यायची. ती पूड, ते पापुद्रे दुहेरी पिशवीत बांधायचे. पुसलेलं पाणी विहिरीच्या बाजूला, परसात, आळ्यात, तुळशीत ओतायचं नाही. पुसणाऱ्याने नाकाला नुसता पंचा बांधून भागणार नाही. निदान एन-९५ मास्क हवा, आणि काम संपल्यावर ते कपडे वेगळे धुवायचे. या दिवसांत खळ्यात आंबोशी, मिरच्या, पापड वाळत असतात. घासकाम चालू असताना पडवीसमोर जे काही उघड्यावर होतं ते टाकून द्या. जीव तुटेल, पण टाका.

नातवाच्या रक्तातलं शिसं मोजता येतं. डॉक्टरांना ‘घरात जुना ऑइलपेंट मशीनने घासला’ एवढं स्पष्ट सांगितलंत की पुढचं ते बघतील. सुनेलाही हे तिच्या डॉक्टरांना सांगू दे. अंगात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून तिच्या लोहाच्या गोळ्या चुकायला नकोत.

आता दरवाजाचं. रंग घट्ट असेल तर तो काढूच नये असं माझं मत आहे. बारीक वॉटरपेपर पाण्यात भिजवून, पृष्ठभाग ओला ठेवूनच हलका हात फिरवायचा, पुसायचं, आणि वर नवा, डब्यावर शिसं नसल्याचं छापलेला इनॅमल द्यायचा. जिथे दार चौकटीला घासतं त्या कडा मात्र तशा सोडू नका, कारण दर उघडझापीला तिथून पूड झडत राहते. त्या ओल्या करून पत्र्याने खरवडा आणि सुताराकडून दार जरा तासून सैल करून घ्या. तासण्याआधी त्या कडेवरचा रंग पूर्ण निघालेला असला पाहिजे. सागाचा रंग डोळ्यांना दिसावा ही मुलाची हौस मी समजू शकतो. तशी हौस असेल तर पाखे बिजागरीतून काढून, घरापासून लांब, रंग उतरवायच्या औषधाने मऊ करून ओलेच खरवडायचे, आणि तेही सून-नातू घरात नसताना, या कामाची माहिती असलेल्या माणसाकडून. कॉस्टिक सोड्याने सागाला काळपट डाग पडतात, त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि एक गोष्ट, जी कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. जुनी खिडकी मोडली की तिची रंगवलेली फळकुटं न्हाणीच्या चुलीत जातात. पाणी तापतं, शिशाचा धूर घरात फिरतो, आणि राखेत शिसं उरतं. त्याच राखेने भांडी घासली जातात, तीच राख अळवाच्या, मिरचीच्या वाफ्यात पडते. रंगवलेलं लाकूड चुलीत घालू नका, कितीही सुकं असलं तरी.

प्रश्न : राहायला डोंबिवलीत, घर राजापूर तालुक्यात. आजोबांनी बांधलेलं जांभ्या चिऱ्याचं घर, वर मंगळुरी कौलं. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी आतून पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट करून घेतला. पुढच्याच पावसात जमिनीपासून कंबरेपर्यंत फुगे आले, आता हातभर पापुद्रे सुटतात. पापुद्र्यामागे पांढरी पूड आणि काही ठिकाणी निळसर थर दिसतो. रंगारी म्हणतो, वॉटरप्रूफिंगचा हात मारून परत पुट्टी करू. करावी का?
— एक चाकरमानी वाचक

उत्तर : नका करू. निदान भिंतीवर आधीपासून काय आहे हे कळेपर्यंत तरी नका. हे शोधायला फार तर अर्धा दिवस लागतो आणि खर्च जवळपास काहीच नाही.

तपासायची जागा नीट निवडा. उघड्या भिंतीवर हात फिरलेला असतो, मधले थर खरवडलेले असतात. जिथे कोणी रंगारी मन लावून पोचलेला नसतो तिथे जुने थर जिवंत सापडतात : कोनाड्याच्या आत, पूर्वजांच्या फोटोंच्या मागे, भिंतीला टेकलेल्या कपाटामागे, माळ्याच्या तुळयांच्या वर. तिथे ओल्या वॉटरपेपरने रुपयाएवढी जागा मधोमध खोल आणि कडेला उथळ घासा. थर एकाबाहेर एक कड्यांनी उघडे पडतात. भिंग लावून ते मोजा, बाहेरून आत काय काय आहे ते लिहून ठेवा. मी हे प्रत्येक जुन्या घरात करतो, आणि घरमालकाला भिंग हातात देतोच. आपल्या आजीच्या वेळचा रंग माणूस स्वतः बघतो तेव्हा भिंतीकडे बघण्याची त्याची तऱ्हा बदलते.

मग थर ओळखायचा. आधी पाण्याचा थेंब. चुन्यावर तो चटकन जिरतो, प्लॅस्टिक पेंटवर आणि ऑइलपेंटवर तसाच उभा राहतो. कोमट पाण्याने भिजवलेलं फडकं दोन मिनिटं दाबून धरलं आणि थर चिखल होऊन फडक्यावर आला, तर तो पुडीचा डिस्टेंपर : खडूची भुकटी आणि सरस. फडक्याला जरा रंग लागला पण थर जागेवर राहिला, तर ऑइलबाउंड डिस्टेंपर. हाताला पांढरं लागतं पण कोमट पाण्याने विरघळत नाही, तो चुना. व्हिनेगरचे थेंब टाकून बुडबुडे आले की चुना, असं बरेच जण सांगतात. ते अर्धंच खरं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडी होतो आणि डिस्टेंपरमधला खडूही चुनखडीच, त्यामुळे व्हिनेगर दोघांवरही फसफसतं. दोघांत फरक करायचा तो कोमट पाण्यानेच. उरलेल्या दोन चिवट थरांसाठी पॉलिशवाले वापरतात ते स्पिरिट कापसावर घेऊन चोळायचं, समई आणि चूल विझलेली असताना. प्लॅस्टिक पेंट मऊ पडून चिकट होतो आणि कापसावर उतरतो, जुना ऑइलपेंट ढिम्म राहतो. जुन्या घरांत कंबरेपर्यंत ऑइलपेंटचा डॅडो असायचा. तो निघाला तर वर वेंगुर्ल्याच्या ताईंना जे सांगितलं ते सगळं त्या पट्ट्यालाही लागू.

तुमच्या पापुद्र्यामागचा निळसर थर हा बहुतेक नीळ घातलेला चुना. जरा हिरवट झाक असेल तर मोरचूद. बुरशी धरू नये म्हणून ते चुन्यात घालायचे. सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात, त्यातही हीच दोन द्रव्यं असतात. पांढरी पूड मात्र तपासा. पाण्यात विरघळली आणि व्हिनेगरने फसफसली नाही तर तो लोणा, म्हणजे क्षार. विरघळली नाही आणि फसफसली, तर सुटलेला चुना. जिभेला लावून बघण्याची जुनी सवय असेल तर ती रंगाच्या कामात सोडा.

तुमच्या घरात दोन्ही असणार असा माझा अंदाज आहे. घडलं ते असं. चिरा सच्छिद्र. जमिनीतली ओल जोत्यातून त्यात चढते. चुन्याच्या गिलाव्यातून आणि चुन्याच्या रंगातून ती हवेत निघून जायची. भिंत पावसात ओली व्हायची, थंडीत सुकायची, आणि दरवर्षी एक हात चुना मारला की झालं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण शेणाची जमीन काढून टाइल्सही घातल्या असाव्यात. मग जमिनीतून वर निघणारी वाफ कोंडली आणि तिने भिंतीची वाट धरली. भिंतीवर मारलेल्या प्लॅस्टिक पेंटने ती वाटही बंद केली. पाणी रंगाच्या मागे साठलं, त्याबरोबर आलेले क्षार तिथेच सुकून फुलले आणि रंगाला ढकलत सुटले. रेती खाडीची असेल, भिंतीला लागून कधीकाळी गोठा असेल, तर क्षार आणखी जास्त. त्यात तुमची पुट्टी सुटत्या चुन्यावर बसवलेली, म्हणजे पायाच भुसभुशीत. वॉटरप्रूफिंगचा हात मारलात तर ओल कंबरेवरून खांद्यापर्यंत चढेल, एवढाच फरक.

करायचं ते असं. सुटणारा पेंट आणि पुट्टी घट्ट थर लागेपर्यंत खरवडून काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत भिंतीत शिरतील. बाहेरच्या बाजूला जोत्याला टेकलेली माती, चिऱ्यांचे ढीग, लाकडं हलवा. पागोळीचं पाणी जोत्यापासून लांब पडेल असं बघा. आमच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला पागोळीचा वाटा भिंतीच्या पायथ्याशी मुरला तर आतला कुठलाही रंग टिकणार नाही. गिलावा पडला असेल तिथे चुन्याचाच गिलावा करा, सिमेंटचं ठिगळ लावू नका. त्याच्या कडेने ओल बाहेर पडते आणि शेजारचा धड भाग खराब होतो. आणि मग थांबा. या मे महिन्यात रंगवू नका. एक पावसाळा भिंत उघडी राहू दे, कार्तिकात लोणा परत झाडा आणि मार्गशीर्षापासून पुढे रंगाला हात घाला.

गणपतीला उघड्या भिंती कशा दाखवायच्या, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. आतून चुन्याचा पातळ हात मारा. चुना ओलसर भिंतीवरच लावायचा असतो, श्रावणातल्या दमट हवेचं त्याला वावडं नाही. प्लॅस्टिक पेंट आणि पुट्टी यांना कोरडी भिंत लागते आणि ती ऑगस्टमध्ये कोकणात कुठून आणणार? तुमच्या पैशांचं पाणी झालं ते इथे.

प्रश्न : गेल्या वेळी तुम्ही पुट्टीला सरसकट नाही म्हणालात. माझं घर १९९४ सालचं आरसीसी, विटांचं, सिमेंटचा गिलावा. पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट करून बरीच वर्षं झाली, कुठे फुगा नाही.
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : तुमच्या घराला पुट्टी योग्यच आहे, खुशाल करत राहा. सिमेंटच्या गिलाव्यावर सिमेंटची पुट्टी धरते आणि जोत्यात ओल अडवणारा थर असला की खालून चढायला काही उरत नाही. माझं म्हणणं चुन्याच्या आणि मातीच्या भिंतींपुरतं आहे. फक्त परत रंगवताना जुन्या थरावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढून बघा. पट्टीबरोबर पूड किंवा रंग आला तर तेवढा भाग आधी खरवडायचा.

प्रश्न : बाहेरच्या भिंतीवरचं स्नोसेम काळं पडलंय, शेवाळ धरलंय. त्यावर थेट एक्स्टीरियर इमल्शन चालेल का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : थेट नाही. शेवाळावर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारा, सुकल्यावर वायरब्रशने घासा, धुवा. हाताला पूड लागायची थांबेपर्यंत घासायचं. घर चिऱ्याचं असेल तर पुन्हा स्नोसेमसारखा सिमेंटचाच रंग द्या, तो इमल्शनपेक्षा भिंतीला जास्त मोकळी ठेवतो. दिल्यावर त्याला पाणी मारायला विसरू नका. पाण्याशिवाय तो पुडीच होऊन उडतो. आणि चिरा तासून सांधे भरलेला, देखणा असेल तर त्याला कुठलाच रंग नको.

प्रश्न : आमच्या देवघराच्या भिंतीवर चुन्याचे जाड थर होते. ते खरवडताना एका जागी तांबूस वेलबुट्टी आणि चक्रासारखी नक्षी दिसली. भाऊ म्हणतो गेरूचे पट्टे असतील, घासून सपाट करू. मला तसं वाटत नाही.
— एक वाचक भगिनी, कुडाळ तालुका

उत्तर : तुम्ही भावाला अडवलंत याचा मला मनापासून आनंद झाला. खरवडणं थांबवा आणि हे नीट वाचा.

ही कावी असण्याची शक्यता मोठी आहे. सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या जुन्या देवळांत ती दिसते, काही जुन्या घरांतही आहे. करण्याची रीत अशी : भिंतीला चुन्याचा गुळगुळीत गिलावा, त्यावर तांबड्या मातीच्या कावेचा थर, आणि तो ओला आहे तोवर टोकदार लोखंडी हत्याराने, गोलांसाठी कर्कटकाने, नक्षी कोरायची. काव निघते तिथे आतला पांढरा चुना दिसतो. रंग लावून काढलेलं चित्र आणि कावी यांतला फरक त्यामुळे हाताला कळतो. हात स्वच्छ आणि कोरडा करून बोटाचं टोक अगदी हलकेच नक्षीवरून न्या. पांढऱ्या रेषा खोलगट लागल्या तर ती कोरलेली आहे. विजेरी भिंतीला चिकटवून बाजूने उजेड टाकलात तर त्या रेषांच्या सावल्याही दिसतील. गेरूचा पट्टा सपाट असतो, आणि कोपऱ्यातल्या एखाद्या कणाला ओला कापूस टेकवला की त्यावर उतरतो. कावेचा थर चुन्याबरोबर वाळून दगडी झालेला असतो, तो इतक्या सहज येत नाही.

कावी निघाली तर पाणी, लिंबू, ॲसिड, वॉटरपेपर, वायरब्रश यांतलं काहीही लावू नका. उठून दिसावी म्हणून वार्निशचा हातही नको. वार्निश पिवळं पडतं आणि ओल कोंडून नक्षी गिलाव्यासकट सुटते. वरचा चुना काढायचा तो कोरडाच, बारीक पात्याने, तीळ तीळ, आणि ज्याला ते काम येतं त्यानेच. तोवर बाजूला फूटपट्टी धरून फोटो काढा, वर सुती कापड सैल टांगा. प्लॅस्टिक झाकू नका. राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं विभागीय कार्यालय रत्नागिरीत आहे. जुना वारसा जपण्यासाठी १९८४ साली सुरू झालेली इन्टॅक ही संस्थाही अशा कामात मार्गदर्शन करते. दोन्हीकडे फोटोंसह लिहा. खाजगी घरातली नक्षी कळवली म्हणून घर कोणी काढून घेत नाही, ही भीती भावाच्या मनातून काढा. चुन्याच्या ज्या थरांना तो कचरा म्हणतो त्यांनीच आजवर ती नक्षी राखली. आणि आधीच सपाट केलेल्या भागांकडेही एकदा आडव्या उजेडात बघा; कडेला एखादी रेघ उरलेली सापडली तर नक्षी कुठवर पसरली होती ते कळेल.

प्रश्न : तुमचं वाचून आम्ही घरभर चुनाच मारायचं ठरवलंय. पण आमच्याकडच्या तरुण रंगाऱ्यांना चुना कालवता येत नाही. प्रमाण सांगाल का? रंगीत करता येईल का?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : जरूर. माझे वडील चुन्याचेच रंगारी होते. पूर्वी किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करायचे, आता दुकानातली कळी, म्हणजे न विरवलेला चुना, घ्यायची. कळी ताजी, ढेकळांची हवी. हवेत पडून भुकटी झालेली घेऊ नका, तिची ताकद गेलेली असते. एक किलो कळीला सुमारे पाच लिटर पाणी. कळी लोखंडी पिंपात विरवायची, प्लॅस्टिकच्या बादलीत कधीच नाही, कारण पाणी पडताच ती उकळते. पाणी थोडं थोडं घालत लांब काठीने ढवळा. निदान २४ तास मुरू दे, जास्त मुरला तर उत्तमच. मग जाड्याभरड्या फडक्यातून गाळा. हाताला पांढरं लागू नये म्हणून गरम पाण्यात विरघळवलेला डिंक घालतात, दहा लिटरला ४० ग्रॅम. ओल येणाऱ्या भिंतीला मात्र डिंक किंवा खळ नको. बुरशीला ते खाद्य होतं.

दाट चुना मारला की पोपडे धरतो. नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक हीच, एका हातात भिंत पांढरी करायला जातो. चुना दुधाइतका पातळ हवा. लावताना भिंत अर्धी पारदर्शक दिसते, मन खट्टू होतं, पण दुसऱ्या दिवशी ती पांढरी होते. आधी भिंतीवर पाण्याचा फवारा, मग एक हात उभा, तो सुकला की पुढचा आडवा. तीन हात तरी द्या, दोन हातांत एक दिवस जाऊ दे. जिथे ऊन थेट पडतं तिथे सावली आल्यावर लावा.

रंगासाठी मातीचे रंग : काव, गेरू, पिवडी. यांना चुन्याचा त्रास होत नाही. नीळ पांढरेपणासाठी, किलोमागे जास्तीत जास्त तीन ग्रॅम. दुकानातल्या स्टेनरच्या बाटल्या सरसकट घेऊ नका, त्यातले बरेच रंग चुन्यात फिके पडतात. आधी एका चिऱ्यावर लावून दोन दिवस बघा. आणि हे सगळं फक्त चुन्यावर, मातीवर किंवा उघड्या गिलाव्यावर. प्लॅस्टिक किंवा ऑइलपेंटवर चुना धरत नाही. पुडीचा डिस्टेंपर असेल तर कोमट पाण्याने तो शेवटच्या कणापर्यंत धुवून काढल्याशिवाय त्यावर काहीच धरत नाही.

चुना विरवताना मुलांना अंगणाच्या पलीकडे ठेवा. विरवणाऱ्याने आणि छताकडची बाजू रंगवणाऱ्याने चष्मा लावलाच पाहिजे, डोक्याला फडकं, हाताला मोजे. डोळ्यात उडाला तर चोळायचं नाही, भरपूर स्वच्छ पाण्याने सतत धूत राहायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा. विरवायला बसण्याआधी भरलेली कळशी आणि तांब्या हाताशी ठेवा.